सातवी फेरी

दोरखंडाच्या कारखान्यात तिला सगळे भिंगरी म्हणत. खरं नाव होतं की, नसायला काय झालं. पण हजेरी घेणाऱ्या बाबूखेरीज ते कुणी तोंडातून काढल्याचं आठवत नाही. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आईनं वैतागून ठेवलेलं हे नाव. पुढे देशभर गाजलं तेही हेच. कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला एक पाटी होती. बायकांची सात फेऱ्यांची शर्यत, मैदानाचा विक्रम, खाली भिंगरीचं नाव आणि वेळ. बावीस वर्षं ती पाटी तिथं होती. अधूनमधून रंगारी येऊन अक्षरं उजळून जायचा, पण वेळ बदलायची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. लोक पाहुण्यांना हाताला धरून ती पाटी दाखवायला न्यायचे. भिंगरी मात्र फाटकातून येताना हमखास डावीकडे बघत यायची. लोक म्हणायचे, काय हा विनय! विनय कसला डोंबलाचा.

तिचे वडील कारखान्याचे घंटावाले. पाळी सुरू झाल्याची घंटा, सुटल्याची घंटा, जेवणाची घंटा, सगळ्या त्यांच्या हातच्या. त्यांना सगळे बाबा म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं बाबांच्या घंटेवर घड्याळं लावायची. एकदा म्हणे मोठ्या साहेबांच्या घड्याळात आणि बाबांच्या घंटेत फरक पडला, तर साहेबांनी मुकाट्यानं घड्याळ दुरुस्तीला पाठवलं. खरं-खोटं कोण जाणे. पण बाबांची घंटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, एवढं मात्र शेंबडं पोरही जाणत होतं. पगार बेताचा, घर दोन खोल्यांचं, अंगावर वर्षानुवर्षं तोच कोट. बाबांच्या गाठीला होतं काय, तर ही अब्रू. ती ते जिवापाड जपायचे.

आई तागाच्या कोठीत ताग विंचरायची. दिवसभर धुळीत काम, त्यामुळे आवाज घोगरा आणि जीभ तिखट. भिंगरी मोठी झाली तशी तिलाही कामाला लावलं. दोर वळायची शेड लांबच लांब, या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू यायचा नाही. एका टोकाला चाक, चाकाला हूक. वळणारे गडी कमरेला तागाचा गुंडाळा बांधायचे, तागाचं टोक हुकाला अडकवायचे आणि दोन्ही हातांनी ताग सोडत उलटे चालत जायचे. असे चालत शेवटापर्यंत पोचले की वळलेलं सूत सोडवून त्याचं टोक परत चाकाशी आणायचं. गड्यांना तेवढी फुरसत नसायची, म्हणून त्या कामाला पोरी ठेवलेल्या. बाकीच्या पोरी चालत यायच्या. भिंगरी पळत यायची. मुकादमानं दोनदा रागावून पाहिलं, तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात आलं की हिच्या चाकावर दुप्पट सूत निघतंय. त्यानंतर तो गप्प बसला.

वर्षातून एकदा शेडमागच्या मैदानावर कामगारांच्या शर्यती व्हायच्या. मैदान कसलं, अर्ध्या भागात डांबर लावलेले दोर वाळत टाकलेले असायचे, आणि उरलेल्या तुकड्याभोवती चुन्याची रेघ ओढून वाट आखलेली. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं, बायकांचीही एक लांब शर्यत ठेवू. गंमत म्हणून. तोवर बायकांना पळवायचं म्हणजे फार तर मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सात फेऱ्या ऐकून गड्यांनी पैजा लावल्या की चौथ्या फेरीला एकही बाई उभी दिसायची नाही. आई म्हणाली, पळून पळून जाणार कुठं आहेस, उद्या पुन्हा त्याच चाकाशी यायचंय ना? आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा एकटेच मैदानात गेले आणि त्या वाटेवरचे खडे वेचून आले.

भिंगरी अनवाणी पळाली आणि जिंकली. नुसती जिंकली नाही, दुसरी आलेली बाई पोचली तेव्हा ही पाणी पिऊन कपडे झटकून बसली होती. पैजा हरलेल्या गड्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. पुढल्या वर्षी आसपासच्या सगळ्या कारखान्यांच्या शर्यतीत जिंकली. त्याच्या पुढल्या वर्षी देशाच्या. अर्धा मैल म्हणा, मैल म्हणा, त्या काळी या अंतरांना बायकांत तिच्या तोडीची दुसरी नव्हती. वर्तमानपत्रात फोटो आला. आईनं तो कापून भिंतीला लावला आणि वर बोलून दाखवलं की तोंड एवढं वाकडं करून पळायला कुणी सांगितलं होतं. एवढं म्हणून ती कोठीत गेली आणि येईल त्या बाईला लेकीची हकीगत सांगत बसली.

आता पाटीवर ती वेळ चढली त्या दिवसाचं सांगायचं, तर आधी बाबांची गाठींची रीत सांगायला हवी. वळणाऱ्या गड्यांना आपण किती सुतं काढली हे लक्षात ठेवावं लागे. कागद-पेन्सिल कोण घेऊन बसणार? कमरेला एक बारीक दोरी लोंबत असायची, सूत झालं की तिला गाठ. काम सुरू करताना एक गाठ मारायची, ती नुसती धरायला, मोजणीत धरायची नाही. तिला धरगाठ म्हणत. बाबा तरुणपणी वळणारेच होते. पुढे त्यांना घंटा मिळाली, शर्यतीच्या दिवशी फेऱ्या मोजायचं कामही त्यांच्याचकडे आलं, आणि ते त्यांनी याच रीतीनं चालवलं. शर्यत सुटायचा बार उडाला की धरगाठ, मग सगळ्यांत पुढे पळणारा समोरून गेला की एकेक गाठ. शेवटची फेरी उरली की घंटा. फेऱ्या मोजणारं दुसरं कुणी नव्हतंच, कारण बाबा असताना लागतं कशाला? घंटा झाली की पळणाऱ्यानं उरलंसुरलं सगळं पणाला लावायचं आणि रेघ ओलांडायची, बस्स.

त्या वर्षी शर्यत बघायला मोठी पाहुणेमंडळी आली होती. देशाची विजेती आपल्याच घरच्या मैदानावर पळणार, म्हणून मैदान फुललेलं. बार उडायच्या ऐन वेळेला मुख्य पाहुण्यांना कुणीतरी बाबांपाशी आणलं, हे हिचे वडील म्हणून. पाहुण्यांनी हात पुढे केला. हात मोकळा हवा म्हणून बाबांनी धरगाठ आधीच मारून घेतली, हात मिळवला, आणि तेवढ्यात बार झाला. एरवी बाबा दर फेरीला खाली मान घालून दोरीकडे बघायचे. त्या दिवशी ते लेकीकडे बघत होते. गाठी बोटांनी चाचपत होते.

भिंगरीला फेऱ्या मोजायची सवय नव्हती, पण शरीर आपलं आपण हिशेब ठेवत असतं. कुठल्या वळणाला छातीत कळ येते, कुठे पोटऱ्या जड होतात, हे तिला पाठ होतं. त्यामुळे घंटा वाजली तेव्हा ती पळता पळता दचकली. अजून दोन राहिल्यात, एक नाही. मागच्या बायका इतक्या मागे होत्या, दोघींना तर तिनं गाठून मागं टाकलेलं, की त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. क्षणभर तिला वाटलं, घंटेकडे दुर्लक्ष करावं. पण बाबांची घंटा चुकेल? सूर्य एक वेळ पश्चिमेला उगवेल. माझंच काहीतरी चुकलं असणार, असं म्हणून तिनं सगळा जोर लावला आणि रेघ ओलांडली.

ओलांडल्यावर तिला कळलं. श्वास पुरता शिल्लक होता. सात फेऱ्या झाल्यावर असा श्वास कधी उरत नसे. तिकडे घड्याळ धरून बसलेल्या कारखान्याच्या डॉक्टरांनी घड्याळ दोनदा हलवून बघितलं, कानाला लावून बघितलं, आणि उडीच मारली. कुणालाच शंका आली नाही. येणार कशी? बाई किती वेगानं पळू शकते हे तोवर कुणी बघितलंच नव्हतं. वर घंटा बाबांची. पाहुणे टाळ्या वाजवत होते, गड्यांनी टोप्या हवेत उडवल्या. भिंगरीनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिला बाबा दिसले. ते घंटेपाशी उभे होते, एका हातात दोरी, आणि ढसाढसा रडत होते. तिनं जन्मात त्यांना रडताना बघितलं नव्हतं. आणि ती गप्प बसली.

उद्या सांगू म्हणाली असेल मनाशी. पण दुसऱ्या दिवशी पाटी रंगवायला घेतली, तिसऱ्या दिवशी बाबांचा सत्कार झाला, आणि मग सांगायचं म्हणजे बाबांना भर बाजारात उघडं पाडायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिच्या मुठीत बाबांची सगळी कमाई होती. ती मूठ कशी उघडणार?

त्यानंतरही ती पळत राहिली. दुसऱ्यांच्या मैदानांवर जिंकली, आणखी दोन वेळा देशाची विजेती झाली, एकदा परदेशीही जाऊन आली. ती विजेतेपदं खरी होती, घामाची होती. पण घरच्या मैदानावर काही केल्या त्या वेळेच्या आसपास पोचेना. पोचेल कशी? सहा फेऱ्यांची वेळ सात फेऱ्यांत माणसानं गाठायची म्हणजे पाय नव्हे, पंख लागतील. दर वर्षी ती पहिली यायची आणि दर वर्षी लोक हळहळायचे की पोरगी ढिली पडली, डोक्यात हवा गेली. शेवटी ऐन उमेदीत तिनं गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि पळणं सोडलं. गुडघा ठणठणीत होता. लाकडी रिळं बनवणाऱ्या सुताराशी तिचं लग्न झालं. भला माणूस. तो रोज न चुकता तिच्या गुडघ्याला तेल चोळायचा, आणि ती चोळून घ्यायची. त्यालाही तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

पुढे कारखान्यानं तिला पोरींना शिकवायला नेमलं. शिकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कारखान्याचे सेक्रेटरी पडले उत्साही. या माणसानं आयुष्यात बसमागेसुद्धा धाव घेतली नसेल, नियम करण्यात मात्र वाघ. त्यांनी ठरवलं, देशाच्या स्पर्धेला कारखान्यातर्फे पोरगी पाठवायची ती आमच्या भिंगरीच्या तोडीचीच. चाचणीत वेळ पाटीच्या निदान जवळपास यायला हवी, नाहीतर रजा नाही, प्रवास नाही. भिंगरीच्या सन्मानार्थ केलेला नियम! तिनं बरंच सांगून पाहिलं, ते दिवस वेगळे होते, हवा वेगळी होती, एवढं कडक नको. सेक्रेटरी हसून म्हणाले, मोठी माणसं अशीच बोलतात.

मग एकामागून एक पोरी त्या पाटीवर डोकं आपटून परत फिरल्या. त्यांतली एक होती शिडी. उंच, काटकुळी, चालताना हसू यायचं, पण पळायला लागली की बघत राहावं. शिडीनं त्या वेळेसाठी जिवाचं रान केलं. दोन वर्षं तिला दुसरं काही सुचत नव्हतं. दोन्ही वर्षी चाचणीत ती सगळ्यांच्या पुढे, आणि दोन्ही वर्षी सेक्रेटरींनी मान हलवली, अजून फार लांब आहे. भिंगरीनं तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं की तू चांगली पळतेस. खरं तेवढंच सांगितलं. बाकीचं पोटात ठेवलं. शिडीनं पळणं सोडलं, रिळांच्या खात्यात लागली, तिथंच चाळिशीला टेकली.

आणि मग भिंगरीच्या भावाची मुलगी पळायला लागली. आत्या, आत्या करत लहानपणापासून मागे मागे असलेली पोर. वीस वर्षांची झाली तेव्हा भिंगरीनं तिला एकदा सगळ्या सात फेऱ्या पळताना बघितलं आणि तिला कळून चुकलं. ही आपल्याहून सरस होती. थोडीथोडकी नव्हे, चांगलीच. आणि ही पण त्याच भिंतीवर डोकं आपटणार होती. भाची ऐकणारी नव्हती. आत्यानं नको म्हटलं की चोरून पळायची, पहाटे रस्त्यावर, दुपारी शेडमागे. चाचणीला आठवडा राहिला असताना ती लंगडत आली. डॉक्टरांनी नडगी दाबून बघितली आणि सांगितलं, हाडाला चीर जायच्या बेतात आहे, आता थांबली नाही तर कायमची बसेल. पोर म्हणाली, चाचणी झाली की थांबते. यंदा पाटी गाठली नाही तर पळणंच सोडणार आहे, मग बसू दे की कायमचं.

भिंगरी तडक बाबांकडे गेली. बाबा तेव्हा ऐंशीच्या पुढे. घंटा कधीच दुसऱ्याकडे गेली होती, आता तर विजेवर वाजायची. पण शर्यतीच्या दिवशी पहिला टोला मारायला बाबांना अजून मानानं खुर्चीत बसवून नेत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा खिडकीशी बसून चहा बशीत ओतत होते. भिंगरी समोर बसली. एवढी वर्षं दडवलेलं, एका दमात बाहेर आलं.

“बाबा, त्या दिवशी घंटा एक फेरी आधी वाजली होती.”

बाबांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “संध्याकाळी गाठी सोडायला बसलो, तेव्हा कळलं. घंटेपर्यंत धरगाठ धरून सात हव्यात, आणि होत्या सहाच.”

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बावीस वर्षं! मग का नाही बोललात, असं तिनं विचारलं, तर बाबा म्हणाले, तुझी पाटी रंगवायला घेतली होती त्यांनी. तुला काय सांगू, की पोरी, तुझं कौतुक खोटं आहे? तुला माहीत नाही, तर नसू दे, असं मला वाटलं. ती म्हणाली, आणि मी तुमच्या घंटेपायी गप्प राहिले. दोघांना हसावं की रडावं कळेना. बापानं लेकीसाठी लपवलं, लेकीनं बापासाठी लपवलं, आणि दोघांनी मिळून मधल्या मधे किती पोरींचे पाय तोडले याचा हिशेब दोघांनीही केला नव्हता.

भिंगरीनं भाचीच्या नडगीचं सांगितलं. आज संध्याकाळी सेक्रेटरींकडे जाते म्हणाली. तेव्हा मात्र बाबांचा चेहरा बदलला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि या माणसाची तर उभी हयात पीळ घालण्यात गेलेली.

“मी मेल्यावर सांग,” ते म्हणाले. “मी असा किती दिवस आहे आता? तेवढं थांब. लोक मला ज्या नावानं ओळखतात, त्या नावानं जाऊ दे मला.”

ते हात जोडून म्हणाले. बाप लेकीपुढे हात जोडतो, तेव्हा लेकीनं काय करावं? भिंगरीनं त्यांचे हात धरून खाली केले, कप-बशी उचलून विसळून ठेवली आणि निघाली. रस्ताभर तिचे डोळे वाहत होते. ज्या माणसासाठी सगळं आयुष्य तोंड शिवून घेतलं, त्याचंच शेवटचं मागणं मोडायला ती चालली होती. पण चाचणी आठवड्यावर होती, आणि पोरीचं हाड बाबांच्या मरणाची वाट बघत थांबणार नव्हतं.

सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि पाणी मागवलं. आधी त्यांना वाटलं, बाई भाचीला पुढे काढायला काहीतरी रचतेय. मग वाटलं, वय झालं. शेवटी म्हणाले, हे असं एका माणसाच्या शब्दावर पाटी उतरवता येत नाही. रविवारी सगळ्यांना बोलावू, बाबांना विचारू. त्यांचा डाव सरळ होता. बाबा हो म्हणणार नाहीत, आणि विषय मिटेल.

रविवारी जेवणाच्या मोठ्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली. बातमी कशी फुटते ते विचारू नका, भिंतीला कान असतात आणि कारखान्याच्या भिंतीला तर तोंडही असतं. म्हातारे वळणारे आले, शेडमधल्या पोरी आल्या, रिळांच्या खात्यातल्या बायका आल्या. भाची पाय लांब करून कोपऱ्यात बसली होती. लोकांचा सूर भिंगरीच्या विरुद्धच होता. म्हाताऱ्या बापाची अशी शोभा करतं का कुणी, असं बायका उघड उघड बोलत होत्या. बाबा येतील असं भिंगरीला वाटत नव्हतं. गेले चार दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते, तिनं नेलेल्या जेवणाला हात लावला नव्हता. पण ते आले. मुलाच्या खांद्याला धरून, तोच जुना कोट घालून. खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत.

सेक्रेटरींनी फार अदबीनं विचारलं. बाबा, तुमची मुलगी म्हणते की त्या दिवशी तुमची घंटा चुकली. तुम्हीच काय ते सांगा, तुमचा शब्द आम्हाला पुरे.

बाबांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

“चुकली,” ते म्हणाले. “धरगाठ मोजली मी. एक फेरी आधी वाजवली. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.” मग आवाज चढवून म्हणाले, “हिचा काही संबंध नाही. हिला आत्ता आत्ता मी सांगितलं, तेव्हा कळलं. त्या दिवशी ही नुसती घंटेच्या हुकुमानं पळाली.”

म्हाताऱ्यानं अब्रू अशी एका घासात गिळली आणि जाता जाता लेकीला वाचवून घेतलं. लोकांच्या माना खाली गेल्या. पुढच्या रांगेतला एक जुना वळणारा डोळे पुसत होता. बाबांनी भिंगरीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात एकच विनवणी होती की आता तरी गप्प राहा. राहता आलं असतं. सगळ्यांनी तिला उलट डोक्यावर घेतलं असतं, की बघा, कळल्याबरोबर आपला विक्रम आपल्या हातानं सोडला. भिंगरी उठली.

“बाबा मला सांभाळायला खोटं बोलतायत,” ती म्हणाली. “मला रेघ ओलांडली तेव्हाच कळलं होतं. तेव्हापासून माहीत आहे मला.”

बाबांनी डोळे मिटून घेतले आणि मगच खुर्चीत बसले. सेक्रेटरींनी घाईघाईनं सांगून टाकलं की पाटी उद्याच उतरेल, नियम आजपासून रद्द, भाचीला चाचणी द्यायची गरज नाही, पाय बरा झाला की ती स्पर्धेला जाईल. भाचीनं हातांत तोंड लपवलं. कुणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि आपण एकटेच आहोत हे बघून थांबलं. आता उठावं, असं लोकांच्या मनात आलं असेल, तोच रिळांच्या खात्यातल्या बायकांत एकजण उभी राहिली. ती उभी राहिली की सगळ्यांना दिसायचीच. शिडी.

“ताई,” ती म्हणाली, “मी चाचणीत पळाले होते, ते तुमच्या खऱ्या पळण्याहून वेगानं होतं का?”

भिंगरीला उत्तर शोधावं लागलं नाही. शिडी पळताना घड्याळ तिच्याच हातात होतं. “हो,” ती म्हणाली. “दोन्ही वर्षी.”

शिडीनं मान हलवली. चिडलेली दिसली नाही, ओरडली नाही. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती पुढच्या बाकाच्या पाठीवरून बोट फिरवत होती.

“माझी आई तेव्हा होती,” ती म्हणाली. “पोरीनं आळस केला म्हणून मागे राहिली, असंच तिला शेवटपर्यंत वाटत होतं. तिला सांगता आलं असतं, ताई.”

एवढं बोलून ती बाकांमधून वाट काढत बाहेर गेली. भिंगरी उभीच होती. बाबांनी हात लांब करून तिचं मनगट धरलं, पण तिला बसवेना.